पाहुणे किती, हे विहिरीला विचारा

मार्च लागला की बेळगावात दोन चौकश्या सुरू होतात. नळाला पाणी आता किती दिवसांआड, ही एक. आणि सुट्टीत यंदा कुठं, ही दुसरी. पहिलीला नेमकं उत्तर कधीच मिळत नाही. दुसरीला अलीकडे ठरलेलं उत्तर आहे: बेटावर. अंदमान, नाहीतर लक्षद्वीप. हात जरा सैल असेल तर मालदीव, बाली, मॉरिशस. आंबोली, मालवण, कारवार ही नावं आता शनिवार-रविवारच्या खात्यात गेली. उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर असलेला माणूस, वडगावात मागावर पोट असलेलं कुटुंब, कॅम्पातले निवृत्त सुभेदार, नवराबायको दोघंही शिक्षक असलेलं टिळकवाडीतलं घर, सगळ्यांच्या बोलण्यात स्नॉर्केलिंग हा शब्द सहज येतो. पैसा कुठून येतो तेही उघड आहे. भिशी लागते, सोसायटीतनं कर्ज मिळतं, आणि केंद्र सरकारी नोकरी असेल तर एलटीसीवर, म्हणजे रजेतल्या प्रवासासाठी सरकारकडून मिळणाऱ्या भाड्यावर, अंदमानला विमानानं जायची खास सवलत आहे, एरवी विमानाचा हक्क नसलेल्या कर्मचाऱ्यालासुद्धा.

यावर नाक मुरडणारे आमच्याकडे पुष्कळ. कर्ज काढून समुद्र बघायला कशाला जायचं, गोवा काय लांब आहे काय, वगैरे. मला हे बोलणं पटत नाही. आयुष्यभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसानं पोराबाळांना घेऊन चार दिवस निळ्या पाण्यात पाय सोडून बसावं, यात उधळपट्टी कसली? ज्यांच्या आजोबांनी मुंबईसुद्धा गिरणीत काम शोधायलाच पाहिली, त्यांच्या नातवंडांना जिवंत प्रवाळ बघायला मिळतंय याचा मला आनंदच आहे. माझं घोडं दुसरीकडेच अडतं. ही बेटं किती माणसं पेलू शकतात, आणि ती मोजणी कुणी, कशी करायची? उत्तर आधीच सांगून टाकतो. येणाऱ्यांची संख्या बांधलीच पाहिजे, कडक बांधली पाहिजे. पण गाळणी पैशाची नको. पाळी लावा, सोडत काढा, नंबर येईपर्यंत थांबायला लावा. आणि आकडा किती, हे बेटावरच्या विहिरीवरून ठरवा.

विहीर कशासाठी, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बेटावर गेलेला माणूस समुद्राकडे बघत बसतो आणि विहीर त्याच्या नजरेलाच पडत नाही. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाच्या वाळूची. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. समुद्रापासूनची उंची बहुतेक ठिकाणी मीटर-दोन मीटर. पावसाचं पाणी या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तेलाच्या तवंगासारखं तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. बेटावरच्या उथळ विहिरी या पातळ थरातच खणलेल्या असतात. भूजलशास्त्रात याचा एक साधा हिशेब आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा वीतभर वर असेल, तर समुद्रपातळीच्या खाली साधारण चाळीस विती गोडं पाणी सापडतं. हाच हिशेब उलटा वाचला की धडकी भरते. उपसा करून वरची पातळी वीतभर उतरवली, तर खालचं खारं पाणी चाळीस विती वर सरकायला बघतं. बादलीनं शेंदणाऱ्या घरांनी हा थर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. मोटर बसली की तोल जातो, आणि हॉटेल म्हटलं की मोटर आलीच. वर शौचालयांचे शोषखड्डे त्याच वाळूत. खारटलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात, आणि तोवर बेटावरच्या बाईनं पाणी कुठून आणायचं, हे टूरच्या पत्रकात लिहिलेलं नसतं.

समुद्राचं पाणी गोडं करता येतं, हे खरं. लक्षद्वीपच्या राजधानीच्या बेटावर, कवरत्तीला, २००५ साली राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं तसा प्रकल्प सुरू केला. समुद्राचं वरचं कोमट पाणी आणि खोलवरचं थंड पाणी, या दोहोंच्या तापमानातल्या फरकावर तो चालतो. आपल्या अभियंत्यांनी केलेलं हे मोठंच काम, आणि बेटावरच्या लोकांना त्याचा खरा उपयोग झाला. पण त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटरची. शहरी नळयोजनांचा माणशी १३५ लिटरचा सरकारी निकष लावला तर साडेसातशे माणसांनाही ते पुरणार नाही, आणि कवरत्तीची वस्ती २०११ सालीच अकरा हजारांवर होती. मालदीवच्या राजधानीत, मालेत, तर प्यायचं जवळजवळ सगळं पाणी अशा यंत्रातूनच येतं. २०१४च्या डिसेंबरात तिथल्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारतानं विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवलं तेव्हा वेळ निभावली.

बेळगावकराला हे समजायला जड जाऊ नये. राकसकोप जलाशयाची पातळी कुठवर उतरली, ही बातमी मे महिन्यात आम्ही न चुकता वाचतो. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादानं २०१८ साली कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, हा आकडा कणकुंबी-जांबोटीकडच्या चहाच्या टपरीवर कुणालाही विचारा, तोंडपाठ असतो. आमच्याच शहरात २००८च्या सुमारास काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं आणि शेजारच्या गल्लीतली माणसं त्यानंतरही वर्षानुवर्षं घागरी मांडून पाण्याची वाट बघत राहिली. एका गावात दोन तऱ्हेचं पाणी असलं की शेजाऱ्याशेजाऱ्यांत काय होतं ते आम्हाला माहीत आहे. बेटावर पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल आणि त्याच्या कुंपणापलीकडचं घर यांच्यात तेच होतं.

पाहुणे बोलावण्याआधी काय करायचं असतं, याचंही उदाहरण आमच्या गावातच आहे. १९२४च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव. देशभरातून माणसं येणार म्हणून टिळकवाडीत आधी विहीर खणली गेली आणि तिला पंपा सरोवर असं नाव दिलं. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही उभी आहे, भोवती बाग आहे. त्या पिढीचं राजकारण कुणाला पटो न पटो, पण मांडव घालण्याआधी पाण्याचा हिशेब केला पाहिजे एवढी अक्कल तिला होती. बेळगावच्या जमिनीत पाणी होतं म्हणून नवी विहीर लागली. लक्षद्वीपमध्ये नवी विहीर खणली तरी ती त्याच जुन्या थराला जाऊन भिडते.

२०२४च्या जानेवारीत हा विषय अचानक पेटला. पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी अभद्र शेरे मारले, आणि आमच्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच हाक: आता मालदीव बंद, लक्षद्वीप सुरू. रागाचं कारण समजू शकतं. पण तो राग आपण कुणाच्या अंगणात नेऊन ओतत होतो? सगळी बेटं मिळून लक्षद्वीपची जमीन बत्तीस चौरस किलोमीटर. बेळगाव महापालिकेची हद्द याच्या जवळजवळ तिप्पट. वस्तीची बेटं दहा आणि त्यांवर, २०११च्या जनगणनेप्रमाणे, चौसष्ट हजारांवर माणसं. एवढ्या जागेत देशभराचं प्रेम मावणार कसं? बरं झालं, १९६७च्या नियमांप्रमाणे तिथं जायला परवाना लागतो. तो परवाना नसता तर त्या उन्हाळ्यात काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

इथवर बहुतेक जाणकार माझ्याबरोबर येतात. फाटा फुटतो तो पुढं. गर्दी कमी करायची ना, मग महाग करा, असा त्यांचा सल्ला. जगभर हीच हवा आहे. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर जायला बहुतेक परदेशी पर्यटकांकडून शंभर डॉलर घेत, ते २०२४च्या ऑगस्टपासून दोनशे केले. गोव्यात ‘क्वालिटी टुरिस्ट’ हा शब्द इतक्या वेळा कानावर येतो की आपण क्वालिटी नाही, हे आमच्या बाजूच्या माणसाला न सांगता कळतं. बसमध्ये शेगडी-सिलिंडर चढवून निघणारी, किनाऱ्यावर चूल मांडणारी माणसं बेळगाव, निपाणी, कोल्हापूरचीही असतात, नाही कशाला म्हणा. किनाऱ्यावर खरकटं टाकणं आणि बाटल्या फोडणं ओंगळच. २०१९ साली गोव्यानं उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं यांना दोन हजारांचा दंड लावला, ते ठीकच झालं. पण दंड कृत्याला असावा. चूल न मांडणाऱ्या, कचरा न करणाऱ्या गरीब पाहुण्याला केवळ खिसा हलका म्हणून दारातून परतवणं हा निराळाच न्याय झाला.

आणि महाग केल्यानं बेटाचं ओझं कमी होतं, हे तरी कुठं सिद्ध झालंय? डोकी कमी होतात, एवढंच. ज्याला चार बादल्या पाण्यात आंघोळ-धुणं उरकायची सवय आहे असं कुटुंब गळतं आणि त्याच्या जागी खाजगी तलाव, दिवसातून दोनदा टॉवेल, अखंड चालणारा एसी आणि स्पीडबोट मागणारा पाहुणा येतो. हॉटेल जितकं आलिशान तितकं खोलीमागे पाणी आणि डिझेल जास्त, हे हॉटेलधंद्यातला कुणीही सांगेल. अंदमानात नीलवर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, आम्ही एप्रिलात उतरलो होतो. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं, भाजीपाला पिकवणारं शांत बेट. आमच्या साध्या लॉजवर पाणी टँकरनं येई आणि मालकीणबाई सकाळीच बजावत, “दादा, बाल्टी से नहाना.” तिथल्याच एका भारी रिसॉर्टच्या दारातली हिरवळ मात्र भर दुपारी फवाऱ्यानं भिजत होती. कोण जास्त क्वालिटी, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

लक्षद्वीपमध्ये हा वाद आता कागदावरून जमिनीवर येतोय. सुहेली आणि कदमत या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची आलिशान हॉटेलं बांधायचा करार २०२३च्या जानेवारीत जाहीर झाला. त्यांतल्या बऱ्याच खोल्या थेट लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ निळ्या पाण्यावर, खांबांवर उभ्या राहणार. कदमत बेट तीन चौरस किलोमीटरच्या जरा वर. मालदीवची नक्कल करायची तर मालदीवचा पुढचा इतिहासही वाचावा. तिथं पर्यटन १९७२ साली सुरू झालं, एक बेट एक रिसॉर्ट या पद्धतीनं. पाहुणे एका बेटावर, स्थानिक दुसऱ्या. वस्तीच्या बेटांवर साधी गेस्टहाउस चालवायची मोकळीक लोकांना मिळाली ती जवळजवळ चार दशकांनी. श्रीमंत पाहुण्यांवर उभारलेला धंदा गावात झिरपतो, असं म्हणणाऱ्यांनी हा काळ मोजावा. आणि रिसॉर्टांचा, राजधानीचा कचरा? त्यासाठी थिलाफुशी नावाचं अख्खं बेटच कचऱ्यानं भरून तयार झालं.

याउलट लक्षद्वीपच्या पर्यटन खात्याची समुद्रम ही जुनी सहल बघा. कोचीहून जहाज निघतं, कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉयला लागतं. दिवसभर बेटावर हिंडायचं, जेवायचं, पोहायचं, आणि रात्री झोपायला जहाजावर परत. बेटाच्या विहिरीवर रात्रीचा भार नाही. जहाजात माणसं किती मावतात ते ठरलेलं, म्हणून संख्याही आपोआप बांधलेली. मध्यमवर्गीय घराला झेपेल असं काही असेल तर ते हे. जहाजं वाढवा, दुरुस्त ठेवा, वेळेवर सोडा, एवढंच मागणं आहे. पण जहाजाच्या फोटोला काचेच्या तळाच्या खोलीइतके लाइक मिळत नाहीत.

मोजून माणसं सोडणं अशक्य आहे, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं पूर्वेकडे बघावं. फिलिपिन्सचं बोराके बेट दहा चौरस किलोमीटरचं. वर्षाला वीस लाखांच्या घरात पर्यटक. सांडपाणी सरळ समुद्रात. २०१८च्या एप्रिलमध्ये सरकारनं ते बेट सहा महिन्यांसाठी कुलूपबंद केलं. उघडलं तेव्हा आकडा ठरवून: एका वेळी १९,२१५ पर्यटक, दिवसाला ६,४०५ नवे. थायलंडची माया खाडी दिवसाला पाच हजार माणसांच्या पायांखाली होती. २०१८च्या जूनपासून बंद केली, २०२२च्या जानेवारीत उघडली तेव्हा बोटींना खाडीत यायलाच मनाई, धक्का पलीकडच्या बाजूला, पोहणं बंद. मधल्या काळात उथळ पाण्यात छोटे शार्क परत आले. दोन्हीकडे निकष एकच होता: जागा किती पेलते.

आपल्याकडेही हे काही परकं नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आहे, ऑनलाइन नोंदणी, तिकीट शंभर-दीडशे रुपयांच्या घरातलं. मोटारीतून आलेला आणि एसटीनं आलेला, दोघांची रांग एक. कैलास-मानसरोवरला जाणाऱ्यांची निवड परराष्ट्र खातं संगणकावरच्या सोडतीनं करतं. नाव आलं नाही तर माणूस पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतो, खटला भरत नाही. देवाच्या वाटेवर सोडत चालते, मग समुद्राच्या का चालू नये?

रोजगाराचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. बोराके बंद पडलं तेव्हा वेटर, नावाडी, भाजीवाल्या, सगळ्यांचे सहा महिने हाल झाले. पण ते हाल मर्यादा घातल्यामुळे झाले नाहीत; आधी वेळेवर घातली नाही म्हणून एकदम टाळं लावायची पाळी आली. ठरलेल्या संख्येनं, वर्षभर, चुकार न होता येणारा पाहुणा नावाड्यालाही बरा. एप्रिल-मेमध्ये झुंबड आणि मग शुकशुकाट, यात कमाई कुणाची होते? बहुधा एजंटाची.

आता सीमाभागातल्या माणसाशी दोन शब्द वेगळे बोलायला हवेत. १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी राज्य पुनर्रचनेनं आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं, तो दिवस आमच्याकडे कसा पाळला जातो ते सांगायची गरज नाही. पण त्याच दिवशी, त्याच कायद्यानं, मद्रास राज्याच्या मलबार आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यांत विभागलेली ती बेटं उचलून थेट दिल्लीच्या ताब्यातला केंद्रशासित प्रदेश केली गेली, हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. तेव्हापासून त्यांना विधानसभा नाही. लोकसभेत एक खासदार, आणि वर दिल्लीनं नेमलेला प्रशासक. २०२१ साली विकास प्राधिकरणाचा मसुदा आला तेव्हा बेटांवरच्या लोकांनी आपापल्या घरात बसून उपोषण केलं. आम्ही सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल भोगतोय, महाराष्ट्राचा २००४ सालचा दावा सर्वोच्च न्यायालयात अजून पडून आहे. लांब कुठंतरी बसलेली माणसं नकाशावर रेघ ओढतात आणि इथं राहणाऱ्याला विचारत नाहीत, ही तक्रार आमच्या घरात दोन-तीन पिढ्यांची. मग आम्हीच पर्यटक म्हणून उतरलो की यजमानाला विचारायचं का विसरतो? बेटावर माणसं किती यावीत हा आकडा प्रशासकाच्या कचेरीत किंवा हॉटेल कंपनीच्या सादरीकरणात ठरू नये. प्रत्येक बेटावरच्या पंचायतीनं, विहिरींची पातळी आणि खारटपणा दर महिन्याला मोजून, तो ठरवावा. विहीर खारट होऊ लागली की पुढच्या महिन्याचे परवाने कमी. यात राजकारण घुसेल, कबूल. पण ते निदान तिथं राहणाऱ्यांचं राजकारण असेल.

यजमानाकडून नकार आला तर तो गिळण्याची तयारीही हवी, आणि इथं आमची गोची आहे. खानापूरच्या जंगलातले धबधबे पावसाळ्यात वन खातं बंद करतं तेव्हा आमच्याकडे किती कुरकुर होते! २०२३च्या जुलैत दूधसागरकडे रुळांवरून चालत निघालेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, तर गावभर सहानुभूती पोरांनाच. भीमगडच्या अभयारण्यातल्या वाड्यांना धड रस्ता नाही, आजारी माणसाला खांद्यावर घालून न्यावं लागतं. त्याच रानात आम्हाला मात्र शनिवारी गाडी दारापर्यंत जायला हवी असते. स्वतःच्या घाटात जो नियम जाचक वाटतो तो हजार मैलांवरच्या बेटावर आपण गुमान पाळू, असं मानायला काही आधार नाही. सवय इथून लागली तर लागेल. (अंदमानला जाऊन सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघून डोळे पुसणाऱ्या आमच्या मंडळींपैकी कितीजणांना ठाऊक असतं, की १९५० साली त्यांना आमच्याच हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवलं होतं? लांबचं तीर्थ नेहमीच मोठं.)

वेळेचाही विचार व्हायला हवा. कर्नाटकात शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, मे अखेरीला शाळा भरायला येतात. म्हणजे आमची सगळी घरं नेमकी तेव्हा निघतात, जेव्हा बेटावरच्या विहिरी वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीवर असतात. समुद्रही तेव्हाच सर्वांत तापलेला. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं, ते याच उन्हाळी उष्म्यानं. आजारी माणसाला भेटायला घोळक्यानं जाऊ नये, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. प्रवाळाच्या बाबतीत मात्र ते तापात असतानाच आम्ही बदकासारखे रबरी पाय घालून त्याच्या डोक्यावर उभे राहतो. आमच्याकडे, मराठी माध्यमाच्या शाळांनासुद्धा, महाराष्ट्रासारखी दिवाळीची लांब सुट्टी नसते. ती दसऱ्याला मिळते. पावसाळ्यात थांबलेल्या बोटी सप्टेंबरच्या मध्यापासून सुटायला लागतात आणि विहिरी तेव्हा भरलेल्या असतात. दसऱ्याची सुट्टी लक्षद्वीपसाठी आणि उन्हाळ्याची आजोळासाठी, अशी अदलाबदल सीमाभागातल्या घरांना सहज जमण्यासारखी आहे. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांच्या सुट्ट्या जुळत नाहीत ही अडचण खरी. पण मग टूरमधले आत्ते-मामे एका वेळी येत नाहीत, एवढंच.

राहिला काळाबाजार. पाळीची पद्धत आली की परवान्यांचे गठ्ठे कुणाच्या तरी कपाटात जाणार, तत्काळ तिकिटांचं होतं तसं, ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय न सांगता सोडत मागणं म्हणजे भाबडेपणा ठरेल. परवाना नावानिशी असावा आणि दुसऱ्याच्या नावावर चढवता येऊ नये. घाऊक कोटा कोणत्याही टूर कंपनीला नको; जहाजाची आणि खोलीची नोंदणी परवाना हातात पडल्यावरच उघडावी. एकदा जाऊन आलेल्या घराला पुढची काही वर्षं मागच्या रांगेत उभं करावं, म्हणजे दरवर्षी तेच तेच लोक जाणार नाहीत आणि शहापूरच्या विणकराचा अर्जही कधीतरी वर येईल. शेवटच्या क्षणी रद्द झालेल्या जागा पुन्हा सोडतीतच याव्यात, जास्त पैसे मोजणाऱ्याकडे जाऊ नयेत. आणि अर्जाची फी शंभर-दोनशे रुपयांच्या वर जाता कामा नये. ती हजारांत गेली की समोरच्या दारातून घालवलेली पैशाची गाळणी मागच्या दारानं पुन्हा आत आलीच म्हणून समजा.